व्याह्याच्या ताटातले अडतीस ग्रॅम

ओशच्या बाजारात अनारकान एजेच्या, म्हणजे अनारकानताईच्या, दुकानासमोरून कलिंगड घेऊन जायची सोय नव्हती. कुणी काखेत कलिंगड मारून चाललेला दिसला की ती हातातला चहाचा वाडगा खाली न ठेवताच त्याला थांबवायची. किती म्हणाला तो? नऊ किलो? परत जा, आणि सांग अनारकान आठ सातशे म्हणतेय. तो माणूस खरोखर परत जायचा, आणि दहातल्या नऊ वेळा कलिंगडवाला निमूटपणे माप सुधारून द्यायचा. दहाव्या वेळी कलिंगड आठ सातशे पन्नास भरायचं, आणि मग अनारकानचा सगळा दिवस खराब जायचा.

ही खोड नव्हती, तो तिचा पेशाच होता. उझ्गेनकडच्या एका सामुदायिक शेतीच्या कोठारावर ती एकोणीस वर्षं मापाडी होती. लोकर, रेशमाचे कोश, सुके जर्दाळू, गावातून जे म्हणून बाहेर पडायचं ते तिच्या काट्यावरूनच बाहेर पडायचं. ती शेती मोडीत निघाल्यावर बाजाराच्या फाटकाशी जो तपासणीचा काटा असतो, जिथे गिऱ्हाईक आपला माल पुन्हा तोलून खात्री करून घेतं, तिथे तिने आणखी चौदा वर्षं काढली. मापात पाप करणाऱ्यांचं धाबं तिला बघूनच दणाणायचं. बारशाला बाळ तिच्या हातात द्यायला आया कचरायच्या, कारण ती बाळाचा पापा घेण्याआधी त्याचं वजन सांगायची, आणि दवाखान्याने सांगितलेल्या वजनाशी ते जुळलं नाही तर चूक दवाखान्याचीच असायची.

अशी बाई हार्ड डिस्क विकायला बसली, ही खरी तर नशिबाने केलेली थट्टा म्हणायची. झालं असं की तिचा धाकटा भाऊ कामासाठी रशियात निघून गेला आणि जाताना बाजारातला आपला लोखंडी डबा, म्हणजे दुकान, आतल्या मालासकट हिच्या गळ्यात मारून गेला. वायरी, माऊस, पेन ड्राइव्ह आणि लग्नाच्या चित्रफिती काढणाऱ्यांना लागणाऱ्या हार्ड डिस्का. नवरा जोरोबेकही वर्षातले दहा महिने तिकडेच ट्रक चालवत असायचा. संगणकाचं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माल तो माल, असं म्हणून ती बसली.

पहिल्याच दिवशी तिने एक कोरी डिस्क आणि एक गच्च भरलेली डिस्क तराजूच्या दोन पारड्यांत ठेवून पाहिली. काटा मधोमध. भरलेलं पोतं आणि रिकामं पोतं एकाच वजनाचं असणारा माल तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिथूनच तिचं त्या मालाशी बिनसलं.

मग पहिलं गिऱ्हाईक आलं. खोक्यावर लिहिलेलं होतं एक टीबी, म्हणजे हजार जीबी, हे तिला मुलीने सांगून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाने तिथेच डिस्क संगणकाला जोडली. पडद्यावर आकडा आला नऊशे एकतीस. गिऱ्हाईक खुशीत डिस्क पिशवीत टाकून निघालं, पण अनारकानने त्याला बाहीला धरून मागे ओढलं. हजारात एकोणसत्तर कमी. बाजारात शेंगदाणेवाला एवढा मारायला लागला तर लोक त्याची टोपी उडवतील.

शेजारच्या दुकानदारांनी तिला समजावलं. एक म्हणाला, डिस्क स्वतःच्या कामासाठी थोडी जागा ठेवून घेते. ती म्हणाली, मग ते पोत्याचं वजन झालं, ते वजा करून खोक्यावर लिहायला काय झालं? दुसरा म्हणाला, डिस्क पहिल्यांदा तयार करताना तेवढं खाल्लं जातं. ती म्हणाली, मग उंदीर लागलाय म्हण. तिची मुलगी नुरीझा शाळेत गणित शिकवायची. तिने सांगितलं की संगणक किलो म्हणजे हजार धरत नाही, एक हजार चोवीस धरतो. यावर अनारकानने मुलीकडे असं पाहिलं की दुसऱ्यांची चाळीस पोरं ताब्यात ठेवणाऱ्या त्या पोरीने वही मिटली. किलो म्हणजे हजार. तेहतीस वर्षं किलो उचललेल्या बाईला किलो शिकवायला जाऊ नये.

मग अनारकानने आपल्या पद्धतीने न्याय केला. जेवढं कमी तेवढं ती पदरचं भरून द्यायला लागली. एकोणसत्तर कमी, तर सोबत चौसष्टचा एक पेन ड्राइव्ह. पण तो जोडून पाहिला तर तोही एकोणसाठच भरला. म्हणून त्यावर आठचा एक. आठाचे सात भरले. म्हणून त्यावर दोनाचा एक. असं करत करत हजार पुरे झाले. गिऱ्हाईक मोठी डिस्क घ्यायला यायचं आणि जाताना रुमालात बांधलेली चार लेकरं घेऊन जायचं. आमच्याकडे सुका मेवा तोलल्यावर वर मूठभर घालायची रीत आहे, पण मुठीवर मूठ, त्या मुठीवर चिमूट, असं कुणी पाहिलं नव्हतं. तिच्या हाती काही उरत नसे. शेजारी दुकानदार तर दात खायचे, कारण लोक आता त्यांच्याकडेही रुमाल मागायला लागले होते.

तिला माल द्यायचा तो शेजारच्या कारा-सू गावचा ताश्तेमीर आके, म्हणजे ताश्तेमीरदादा. ताडमाड उंच, आवाज मऊ, डोक्यावर नेहमी स्वच्छ पांढरी टोपी. अकरा वर्षं डिस्कांचा घाऊक धंदा करत होता. अनारकानने त्याला भर दुकानात विचारलं की हे एकोणसत्तर कुठे जातात. त्याने खाली मान घातली, खोक्यांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सगळ्यांचं असंच भरतं, एजे. घ्यायचं तर घ्या."

तिला त्या शब्दांपेक्षा त्याची नजर लागली. ती नजर तिच्या ओळखीची होती. पारड्याखाली अंगठा लावणारा माणूस नेमका असाच दुसरीकडे बघतो. तिने मनात नोंद करून टाकली: माणूस गोड आहे, पण चोर आहे.

आणि नशीब बघा, त्याच ताश्तेमीरचा मुलगा एलामान माल पोचवायला म्हणून यायचा आणि नुरीझा शाळा सुटल्यावर आईला जेवण द्यायला म्हणून यायची. माल महिन्यातून एकदा लागायचा, एलामान आठवड्यातून तीनदा दिसायला लागला. नुरीझा अठ्ठावीस वर्षांची. याआधी दोन स्थळं तिने स्वतः मोडली होती. हे स्थळ तिला हवं होतं, इतकं हवं होतं की ती आईशी त्याबद्दल बोलताना आवाज मुद्दाम सपाट ठेवायची. अनारकानला पोरगा पसंत होता. सदुसष्ट किलो, बुटांसकट, पण डोळे सरळ. बापाचं मात्र तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण तिने ओठ मिटले, कारण मुलीच्या गालावर इतक्या वर्षांनी रंग आला होता.

शरदातल्या एका रविवारी मुलाकडचे कानातलं घालायला आले. आमच्याकडे तोवरची सगळी बोलणी म्हणजे नुसती बोलणी. मुलाच्या आईने मुलीच्या कानात आपल्या हाताने कानातलं घातलं की मग ती त्यांची झाली, आणि न घालता पाहुणे उठले तर काय झालं हे गल्लीला सांगावं लागत नाही. ताश्तेमीरची बायको सोनुन मांडीवर मखमली डबी घेऊन बसली होती. जोरोबेक परदेशात, म्हणून घरचा वडीलधारा म्हणून मामासादिक अक्साकाल आले होते. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचे पंच; हे बाजाराचे पंच, आयुष्यभर गुरांचे डॉक्टर होते, आणि माणसांनाही त्याच आवाजात दटावत.

मेंढरू कापलेलं. कुणाच्या ताटात कुठलं हाड जायचं हे आमच्याकडे वयाने, मानाने आणि नात्याने ठरलेलं असतं, त्यात इकडचं तिकडे झालं तर माणसं दहा वर्षं आठवण काढतात. खुब्याचं मोठं हाड, वर मांस तसंच अखंड ठेवून, व्याह्याला. त्याला सुरीचा डाग लागता कामा नये. अनारकान स्वयंपाकघरात एकटी होती. हाड तिने उचललं, सवयीने छोट्या काट्यावर ठेवलं. साडेपाचशे ग्रॅम. बाहेरून ताश्तेमीरचा मऊ आवाज येत होता, तो मामासादिकांना सांगत होता की धंद्यात माणसाने सचोटी सोडू नये.

ती आजही सांगते की हात आपोआप चालला. पण अडतीस ग्रॅम आपोआप कापले जात नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने एका बाजूने मांसाची पातळ चकती उतरवली, उरलेलं पुन्हा तोललं, पाचशे बारा भरलं, आणि ताट बाहेर पाठवलं. हजाराला जेवढं तू मारतोस, तेवढंच मी मारलं. तिची अशी समजूत होती की ही गोष्ट फक्त त्याला कळेल.

ती सगळ्यांना कळली. कापलेलं हाड पंगतीतल्या पोरांनाही दिसतं. मामासादिकांचा घास हातातच राहिला. ताश्तेमीरने ताट जवळ ओढलं, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, आणि मग हळूच मान वर करून अनारकानकडे पाहिलं. तिला वाटलं आता हा भडकणार. तो भडकला नाही. त्याचे कान लाल झाले, आणि त्याने नजर खिडकीकडे वळवली. त्याने एक घासही खाल्ला नाही. उठताना, उरलेलं घरी नेतात तसं, ते हाड पिशवीत बांधून घेतलं. सोनुनने डबीचं झाकण लावलं. दुवा घाईघाईत म्हटली गेली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, आणि चहा वाडग्यांत तसाच राहिला.

नुरीझाने सगळी भांडी घासली. शेवटचं पातेलं पालथं घातल्यावर तिने विचारलं, "किती कापलंस?"

"अडतीस."

"साडेपाचशेतले?"

"हो."

नुरीझाने क्षणभर मनातल्या मनात भागाकार केला. "हिशेब बरोबर आहे तुझा," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यापेक्षा तिने पातेलं फेकून मारलं असतं तर अनारकानला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. एलामान फिरकला नाही. अनारकान दुकानात बसून होती, पण समोरून कलिंगडं गेली, खरबुजं गेली, तिने एकालाही थांबवलं नाही, आणि तेव्हा बाजाराला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय. तिला भीती वाटत होती. आपण मुलीचं घर बसायच्या आधीच मोडलं, ही भीती. आणि तिचा राग गेला नव्हता, हे तिला जास्त खात होतं. मी खोटं काय केलं, असं ती स्वतःला दिवसातून वीसदा विचारायची, आणि उत्तर आलं तरी बरं वाटत नसे.

चौथ्या दिवशी दुपारी मामासादिक आले. स्टुलावर बसले, तिच्यासाठी आणलेला समोसा स्वतःच खाऊन टाकला, आणि मग बोलायला लागले.

"मी पन्नास वर्षं जनावरं तपासली, पोरी. लाथ मारणारी खेचरं पाहिली. पण दारात आलेल्या पाहुण्याला लाथ मारणारं पहिल्यांदाच पाहिलं."

"त्याने मारलं त्याचं काय?" अनारकान म्हणाली.

"मारलं असेल. मला काय माहीत? तू म्हणतेस तो चोर. ठीक आहे. कागदावर लिहून दे. किती मारलं, नेमकं. साधारण-बिधारण चालणार नाही, तू काही भाजीवाली नाहीस. शेवटच्या दाण्यापर्यंत आकडा लिही. तो घेऊन मी स्वतः कारा-सूला जातो. खरं निघालं तर तो येऊन तुझी माफी मागेल, नाही तर मी त्याला बाजारात पाय ठेवू देणार नाही."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू जाशील. एकटी. मी येणार नाही. कापलंस तू, जाशील तू."

हे तिला पटलं. कागदावर आकडा मांडायचं म्हटलं की तिच्या अंगात बळ यायचं. त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, तिने एक नवी डिस्क घरी नेली आणि नुरीझाला म्हणाली की मला यातलं सगळ्यात बारीक वजन काढून दे. जीबी नको. ग्रॅमसारखं जे शेवटचं असेल ते. नुरीझाने डिस्क जोडली, एक चौकट उघडली, पडदा आईकडे वळवला, आणि पोरांच्या वह्या तपासायला निघून गेली.

पडद्यावर एकाच ओळीत दोन आकडे होते. उजवीकडचा ओळखीचा, नऊशे एकतीस जीबी. डावीकडे एक लांबलचक आकडा, बाइटमध्ये. अनारकानने चष्मा लावला आणि तो एकेक अंक करत कागदावर उतरवला. एक, शून्य, शून्य, शून्य, दोन, शून्य, दोन, शून्य, तीन, नऊ, दोन, नऊ, सहा. मग उजवीकडून तीन-तीनांच्या जुड्या बांधल्या. मग बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. टेरा म्हणजे एकावर बारा शून्यं, एवढं तिला पाठ होतं. आणि इथे एकावर बारा अंक होते. कमी नव्हते. हजार अब्ज पुरे भरत होते, आणि पुरे भरून वर आणखी वीस कोटी बाइट होते.

तिने तिसऱ्यांदा मोजलं.

एकाच ओळीत, एकाच मालाचे, दोन आकडे. बाजारात एका दुकानात वजनांचे दोन संच सापडले तर दुकान बंद करतात, आणि असे संच शोधण्यात तिने उमेदीची वर्षं घालवली होती. तिने कागदावर खाली भागाकार मांडला. लांब आकडा भागिले नऊशे एकतीस. उत्तर आलं एकशे सात कोटी आणि वर काही लाख. म्हणजे संगणकाचा एक जीबी शंभर कोटींचा नव्हताच. तो जाडा होता. का जाडा? मग तिला ती वही आठवली जी मुलीने मिटली होती. तिने एक हजार चोवीसला एक हजार चोवीसने गुणलं, आणि त्याला पुन्हा एक हजार चोवीसने. एकशे सात कोटी सदतीस लाख. हजारामागे चोवीस, बघायला किरकोळ, पण तीन पायऱ्या चढेपर्यंत त्याचे शंभरामागे सात झाले होते.

कारखाना हजाराने मोजून भरत होता. संगणक जाड्या मापाने मोजून घेत होता, आणि पाटीवर नाव मात्र तेच लिहीत होता. माल वाटेत कुठेच सांडला नव्हता. कुणाचा अंगठा पारड्याखाली नव्हता.

ती नुरीझाच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"तीनदा," नुरीझा वहीवरून नजर न उचलता म्हणाली.

"एकदा सांगितलंस."

"एकदा बोलून, दोनदा लिहून. फ्रिजवर चिकटवलं होतं."

अनारकान फ्रिजकडे गेली. तिथे मांसाच्या दुकानाच्या कॅलेंडरखाली खरोखर एक कागद होता, उन्हाने पिवळा पडलेला. तिने तो वाचला. मग ती तिथेच स्वयंपाकघरात, ज्या ओट्यावर तिने ती चकती कापली होती त्याला टेकून, खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नव्हे, सरळ हाताच्या पाठीने डोळे पुसू लागली. तिला लाज वाटत होती. चार वर्षं तिने रुमालांत बांधबांधून जे दिलं त्याचं तिला काही वाटलं नाही, जास्त गेलं ते जाऊ दे. पण पुरं माप देणाऱ्या माणसाला, वर चिमूटभर जास्तच देणाऱ्याला, तिने आपल्या पंगतीत चोर ठरवलं होतं, आणि तेही ग्रॅमपर्यंत अचूक. नुरीझा आली. ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने आईच्या खांद्याला खांदा टेकवला.

सकाळी अनारकान कारा-सूची गाडी पकडून निघाली. रीतीप्रमाणे एक नवा कोट घेतला होता. दुखावलेल्या माणसाच्या खांद्यावर तो घालायचा असतो, आणि त्याने झटकून टाकला तर गोष्ट तिथेच संपली. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती. कुठलंच जुळत नव्हतं.

दार सोनुनने उघडलं. आत या म्हणाली, पण अशा आवाजात की बाहेर थांबलेलंच बरं. ताश्तेमीर अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता. अनारकान पिशवीतून कोट काढून पुढे झाली, तोच तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तो परत ठेवा, एजे. माझ्या खांद्यावर कशाला? तुम्ही बरोबरच केलंत."

तिने कोट खाली ठेवला.

"सोनुन म्हणते अपमान झाला. अपमान कसला? तुम्ही तेवढंच कापलंत जेवढं मी रोज कापतो. घरी येऊन मी तोललं ते, गेलेल्या चकतीचाही अंदाज घेतला. मग एकोणसत्तरचा हिशेब केला आणि बसून राहिलो." त्याने टोपी सारखी केली. "अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी बिश्केकच्या मोठ्या व्यापाऱ्यांना विचारलं, हे एवढं जातं कुठे? ते हसले. म्हणाले, सगळ्यांचं असंच भरतं, तू विकत रहा. मी विकत राहिलो. तुमच्या तोंडावरही मी तेच फेकलं, कारण मला दुसरं उत्तर येत नव्हतं. खोकं देताना मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, एजे. बघवत नाही. माझा बाप मेंढरं विकायचा, त्याने कधी आजारी मेंढरू धडधाकट म्हणून विकलं नाही. आणि मी हा असा."

अनारकानने तोंड उघडलं, पण त्याचं संपलं नव्हतं.

"त्या दिवशी सोनुन कानातलं घालणारच होती, अपमान गिळून. मी तिला डोळ्यांनी नको म्हटलं. मापात खोट असलेल्या माणसाने मापाड्याच्या मुलीला सून म्हणून कुठल्या तोंडाने न्यायचं?"

मग अनारकानला रडू फुटलं, आणि रडतानाच ती त्याच्यावर ओरडली की एवढा मोठा ताड वाढलास आणि एक भागाकार करता आला नाही? हे ऐकून सोनुन पळत बाहेर आली. अनारकानने कागद काढला, पण ताश्तेमीरला आकड्यातलं काही समजेना, त्याची नजर त्या अंकांवरून घसरत होती. तेव्हा तिने मांडवाच्या खांबाला गुंडाळलेला घोड्याचा लांब दोर ओढून काढला आणि त्याच्या हातात दिला. हात पसरून मोज म्हणाली. त्याने दोन्ही हात ताणून एकेक वाव मोजला. चौदा भरले. मग तिने दोर घेतला. ती बुटकी, तिचे हात आखूड. तिने त्याच दोराचे पंधरा भरवले, आणि वर टीचभर उरला.

"आता सांग," ती म्हणाली, "एक वाव कुणी खाल्ला?"

ताश्तेमीरने दोराचं टीचभर उरलेलं टोक चिमटीत धरलं.

"कारखाना माझ्या हाताने मोजतो. संगणक तुझ्या हाताने मोजतो. दोर तोच. दोघंही त्याला वावच म्हणतात, एवढाच घोळ आहे. आणि हा बघ, हा शेवटच्या बाइटपर्यंतचा आकडा. मी तीनदा मोजलाय, मी, अनारकानने. एक टीबी पुरा आहे."

"पुरा," ताश्तेमीर म्हणाला.

"पुऱ्याच्या वर आहे. वीस कोटी जास्त. चाळीसेक गाणी मावतील एवढं. तू प्रत्येक खोक्यामागे वर मूठ घालून देत होतास, अकरा वर्षं."

त्याने टोपी काढली आणि तो खाली, जमिनीवरच बसला. एवढ्या मोठ्या माणसाला बसायला वेळ लागतो. कागद त्याने दोन्ही हातांत धरला. मग त्याने तो अनारकानकडे परत केला.

"वाचा ना," तो म्हणाला. "मोठ्याने. सोनुनलाही ऐकू दे."

तिने वाचलं. एकेक अंक, जसा ती पूर्वी कोठारावर पोत्यांचा आकडा पुकारायची तसा, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा. तो मान हलवत होता. संपल्यावर तो म्हणाला, पुन्हा. तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्या खेपेला त्याचे खांदे हलायला लागले, आणि तिने कोट उचलून त्याच्या खांद्यांवर घातला. तो बसलेला होता म्हणून तिचा हात पोचला. त्याने कोट झटकला नाही, त्यात तोंड लपवलं.

सोनुनने दोघांकडे पाहिलं, मग आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने डोक्यावर पाहुणी म्हणून जाताना बांधायचा रुमाल बांधला होता आणि हातात मखमली डबी होती.

"विहीणबाई," ती म्हणाली, "मुलगी शाळेतून किती वाजता येते?"

"दोन वाजता."

"मग उठवा यांना. तोंड धुवायला लागेल, आणि पुढची गाडी अर्ध्या तासात आहे."